सणाचा पट्टा

पट्ट्यातलं यंत्र लॅपटॉपला जोडलं आणि झोर्नित्साचं डोकंच फिरलं. गावातली माणसं दिवसभरात किती हलतात-फिरतात हे मोजायला आरोग्य खात्यातर्फे तिने आठवड्यापूर्वी कंबरेचे पट्टे वाटले होते. त्यातला हा स्तोयांका आजीचा. पडद्यावरची रेघ मढ्यासारखी आडवी पडली होती.

"आजी, पट्टा रोज बांधा म्हणून किती घसा कोरडा केला मी!"

"सरकारची वस्तू ती! कोंबड्यांच्या घाणीत घालू?" आजीने काचेच्या कपाटाकडे बोट केलं. सोनेरी काठाच्या, फक्त पाहुण्यांसाठीच्या कपांशेजारी तिने पट्टा जपून ठेवला होता. "चांगली वस्तू सणालाच काढतात, पोरी."

झोर्नित्सा तोंड उघडणार, तोच पडद्यावर रविवारची नोंद आली आणि रेघ एकदम उसळली.

"हे काय?"

"गावची जत्रा होती ना." आजीने डोक्यावरचा काळा रुमाल सारखा केला. "नवरा गेल्यापासून मी नुसती बाकावर बसून बघायचे. या खेपेला होरो नाचाचा फेर सुरू झाला आणि म्हटलं, पट्टा बांधून बसून राहिले तर सरकार म्हणेल, म्हातारी संपली. उठले. वाजवणारे थकेस्तोवर नाचले!"

एकाच दिवसाची नोंद अभ्यासात धरत नाहीत. झोर्नित्साने पट्टा पुन्हा आजीच्या कंबरेला बांधला.

"आता आठवडाभर. रोज."

"रोज?" आजी चमकली. मग तिने हात पुढे केला. "बरं, मग आज माझ्याबरोबर नाचणार कोण? तूच ना?"