दोन राण्यांचं झाड

बस गावाच्या जुन्या वेशीतून आत शिरली तशा सगळ्या बायका खिडक्यांना चिकटल्या. माळीणबाई तेवढी मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसली. ही वेस तिने शेवटची पाहिली होती ती गावातून बाहेर पडताना. त्याला बत्तीस वर्षं झाली होती.

"अगं, बघ तरी," शेजारची शिंपीण म्हणाली. "तीन तास हाडं खिळखिळी करून घेतली ती काय पिशवी बघायला?"

"मला बघायचंय ते दुपारी आहे."

"ठाऊक आहे. रात्रभर कूस बदलत होतीस. तुझी खाट भिंतीपलीकडून करकरत होती."

सहलीचं पत्रक शिंपिणीनेच आणलं होतं. त्यावर एका झाडाचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'राजबागेतला तीनशे वर्षांचा राजवृक्ष. एकाच झाडाला दोन फळं.' फोटो बघून माळीणबाईने कपबशी खाली ठेवली होती. झाडाला कमरेत बाक होता. रोप असताना त्याला हातगाडीचा धक्का लागला होता आणि तिने ते काठीला बांधून पुन्हा उभं केलं होतं. तीनशे वर्षांपूर्वी नव्हे, लग्नाच्या चौथ्या वर्षी.

गावाबाहेर नवऱ्याची रोपवाटिका होती, तीच आता राजबाग झाली होती. नवरा रोपं विकायचा, कलमं ती करायची. नवरा तापाने गेला आणि महिना उलटायच्या आत धाकट्या दिराने तिची ट्रंक ओट्यावर आणून ठेवली. बघायला सगळी गल्ली गोळा झाली होती. "हिच्या हातचं काही जगत नाही," दीर सगळ्यांदेखत म्हणाला. "ना मूल, ना नवरा, ना झाड." पुढे तिने शहरातल्या बागेत तीस वर्षं माती उकरली, पण ते बोलणं काही तिच्या पोटात जिरलं नाही.

पत्रकात झाडाची गोष्ट सांगणारा म्हणून त्या दिराचंच नाव होतं. आज तो लोकांपुढे उभा राहून बोलायला लागला की उठायचं आणि भर सभेत त्याचं पितळ उघडं पाडायचं, एवढ्यासाठीच ती आली होती.

सकाळ गाव बघण्यात गेली. चौकातली दगडी फरसबंदी, काचेच्या कपाटातल्या गंजक्या तलवारी, राजाचं न्हाणीघर. तिच्या जुन्या घराला आता काचेचं दार होतं आणि आत भेटवस्तूंचं दुकान. फळीवर प्लास्टरची छोटी झाडं ओळीने मांडली होती, प्रत्येकाच्या अर्ध्या अंगाला पिवळी फळं, अर्ध्याला हिरवी. माळीणबाईने एक उचललं, उलटं करून बघितलं आणि परत ठेवलं.

"घ्यायचं नाही?" दुकानदाराने विचारलं.

"याला मूळ नाही," ती म्हणाली.

दुपारी बस शेतांमधून वळणं घेत राजबागेत आली. झाडाभोवती लोखंडी कठडा होता, समोर बाकं. दीर गळ्यात भोंगा अडकवून उभा होता. डोक्याला टक्कल, पोट पुढे, पण हात कमरेवर ठेवायची ढब तीच. त्याने बायकांवरून नजर फिरवली, तिच्यावरूनही फिरवली, आणि नजर तशीच पुढे गेली.

"राजाला दोन राण्या होत्या," तो सुरात सांगू लागला. "थोरली गोड, धाकटी आंबट. दोघींच्या हातून राजाने हे एकच झाड लावून घेतलं. म्हणून या बाजूला गोड मोसंबी आणि त्या बाजूला आंबट लिंबू! आता सांगा, तुमच्यात आंबट कोण?"

बायका खिदळल्या. शिंपिणीने कोपराने ढोसलं. "ऊठ."

माळीणबाई उठली खरी, पण तिची नजर झाडावर गेली आणि तिथेच राहिली.

मोसंबीचं कलम करायचं तर आधी रानलिंबाचं रोप वाढवतात, कारण त्याचं मूळ चिवट. मग जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याची साल चिरून आत गोड झाडाचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातली कळी, बसवतात. डोळा फुटला की त्याच्या वरचं रानलिंब कापून टाकतात. त्यानंतर एकच काम, पण ते जन्मभराचं. खालच्या रानलिंबातून फूट आली की लगेच खुडायची. एकदा जरी राहिली तरी ती मुळाचं सगळं पाणी स्वतः ओढते आणि वरच्या गोडाला उपाशी मारते.

दिराला कलम कधी करता आलं नाही. त्याने फूट वाढू दिली. ती मांडीएवढी जाड फांदी झाली, तिला काटे आले, आंबट फळं आली, आणि या शहाण्याने तिला राणी करून टाकलं. गोड बाजूची पानं पिवळी पडली होती. शेंडे वाळले होते.

माळीणबाई खाली बसली.

"काय गं, तोंडात गुळणी धरलीस का?" शिंपीण पुटपुटली.

"थांब जरा. याहून बरं काहीतरी दिसतंय."

बायका कठड्याशी फोटो काढायला पांगल्या तेव्हा ती त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. "बरे आहात ना, भावजी?"

तो वळला. आधी ओळखलं नाही, मग चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने आधी भोंग्याचं बटण बंद केलं.

"वहिनी! तुम्ही... इथे नको. लोकांसमोर नको. पाया पडतो तुमच्या. म्हातारपणी पोटावर पाय देऊ नका."

"मी काही बोलले का?"

"नाही, पण तुम्हाला ठाऊक आहे ना सगळं."

"मला झाड ठाऊक आहे."

तो तिला कठड्याच्या आत, लोकांच्या नजरेआड, खोडाच्या मागे घेऊन गेला. तिथे त्याचा आवाज आणखी उतरला. "वहिनी, देवासारख्या आलात. गोड बाजू वाळत चाललीय. औषधं मारली, काही उपयोग नाही. हे गेलं तर मी गेलो. काय करू, सांगा."

माळीणबाईने खोडावर हात ठेवला. सांधा तिथेच होता, तिच्या बोटांना तो न बघताही सापडला. खरं उत्तर अगदी जिभेवर होतं. करवत आण आणि ही आंबट फांदी बुडातून उडव. दोन वर्षांत झाड पुन्हा हसलं असतं. तिचं स्वतःचं झाड, या मातीत तिच्या हातून जगलेलं. तिने खोडावरचा हात काढून घेतला.

"आधी मला चार काड्या घेऊ द्या," ती म्हणाली. "गोड बाजूच्या."

"चार काय, चाळीस घ्या!"

फांदी त्यानेच वाकवून धरली. तिने डोळे भरलेल्या चार हिरव्या काड्या निवडून कापल्या. त्याने स्वतः जाऊन फडकं ओलं करून आणलं, तिने काड्या त्यात गुंडाळल्या. गोड बाजू आता तिच्या पिशवीत होती. इथे उरलं होतं ते त्याचं.

"खत घाला," ती म्हणाली. "बुडाशी, भरपूर. पाणी रोज. आणि छाटू मात्र काही नका. आंबट बाजूला तर बोटसुद्धा लावू नका, सगळा जोर तिच्यातच आहे."

त्याने खिशातून कागद काढून लिहून घेतलं. "किती टोपल्या?"

"पाच. जास्त झालं तरी चालेल."

"उपकार झाले, वहिनी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "माझं चुकलंच होतं तेव्हा."

हे ऐकायला ती बत्तीस वर्षं थांबली होती. पण ऐकलं आणि आत काहीच हललं नाही. आता त्याला उशीर झाला होता आणि तिला घाई.

बस निघाली तेव्हा दीर पाण्याचा पाइप ओढत झाडाकडे चालला होता. शिंपिणीचा पारा चढला होता. "एवढी तीन तासांची तणतण केलीस आणि सोडून दिलंस? वर त्याला औषध सांगून आलीस?"

माळीणबाईने तिच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. शिंपिणीने मागे वळून झाडाकडे बघितलं. तिने हळूच विचारलं, "मग किती दिवस काढील ती गोड बाजू?"

"तीन वर्षं," माळीणबाई म्हणाली. "त्याने नीट काळजी घेतली तर दोन."