नलूने शिवलेलं कव्हर

काळूराम नागावच्या वाचनालयात छत्तीस वर्षं ग्रंथपाल होता. माणसांशी त्याचं बोलणं "कुठलं पुस्तक?" आणि "परत कधी?" एवढ्यावर भागायचं. बायको नलू होती तोवर घरात दोघांच्या वाटचं तीच बोलायची. ती गेली, आणि कॅनडातल्या मुलीचा, सुचिताचा, रविवारचा फोन त्याच्या एकट्याच्या अंगावर पडला. जेवलात का? जेवलो. गोळी घेतली? घेतली. मग दोन्हीकडे चिडीचूप.

शेवटी सुचितानेच तोड काढली. अलिबागच्या एका दुकानातून तिने बाबांसाठी गेम खेळण्याजोगा नवा कॉम्प्युटर घरी पाठवला. रविवारी सकाळी, तिकडे शनिवारची रात्र असताना, दोघं खेळायला बसली. खेळात होडी एकच; शीड तिच्या हातात, सुकाणू त्याच्या.

"बाबा, खडक! खडक!"

"दिसतोय गं."

होडी धाडकन खडकावर.

"दिसत होता ना?"

"दिसत होता म्हणून तर नेमकी त्यावर घातली."

सुचिता खदाखदा हसली. तिचं हसणं त्याने नलू गेल्यापासून, तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारपासून मात्र बिनसलं. दहा मिनिटं होडी झोकात जायची, मग चित्र अडखळायचं. तो सुकाणू वळवी, होडी वळे ती धडकल्यावर. आपलेच हात थकले, असं तो धरून चालला. मशीन नवंकोरं, मग जुनं कोण? लाटा साध्या ठेवायची सोय सुचिताने सांगितली, तीही करून झाली. समुद्र शेणाने सारवलेल्या अंगणासारखा सपाट झाला, होडी तशीच अडखळत राहिली.

चौथ्या रविवारी ती हळूच म्हणाली, "बाबा, तुमची दमछाक होते. पुढच्या वेळेपासून नुसतं बोलूया का?"

"चालेल," तो म्हणाला. नुसतं काय बोलणार, या विचाराने त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही.

बुधवारी त्याने प्रश्न कागदावर उतरवले, तीनदा खोडले आणि दुकानदार विनेशला फोन लावला.

"बहुतेक माझीच चूक असेल," त्याने कागदावरचं पहिलं वाक्य वाचलं.

"काका, ते मागाहून बघू. आधी बरा चालतो नि मग रखडतो, व्हय ना? डब्याला हात लावा. गरम हाय?"

"कव्हरावरूनसुद्धा चटका बसतोय."

"कसलं कव्हर?"

काळूरामने चाचरत सगळं सांगितलं. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या हवेने वस्तू गंजतात म्हणून नलूने रेडिओपासून मिक्सरपर्यंत प्रत्येकाला अंगरखा शिवला होता. पहिल्या रविवारनंतर त्याने ट्रंकेतून जुन्या टीव्हीचं निळ्या फुलांचं कव्हर काढून कॉम्प्युटरच्या डब्यावर घातलं होतं. पार खालपर्यंत.

"चालू असतानाही?" विनेशला हसू आवरेना. "काका, गोधडीत गुंडाळून पळायला लावताय त्याला! श्वास कुठून घेईल? काढा ते. बंद करून पुरता निवला की मगच घाला."

रविवारी सकाळी काळूरामने आपणहून फोन केला. "सुची, एकदाच खेळू. शेवटचं."

होडी बेटांमधून सरसर निघाली. दहा मिनिटं गेली, वीस गेली. खडक आला, होडी त्याला घासून निसटली.

"बाबा! काय केलंत?"

"कव्हर काढलं. तुझ्या आईचं."

"निळ्या फुलांचं?" सुचिताने विचारलं. "टीव्हीवरचं? ते उचलायला मला परवानगी नव्हती."

"मलाही नव्हती."

तासाभराने तिला झोप आली. "पुढच्या रविवारी," ती म्हणाली आणि गेली. त्याने कॉम्प्युटर बंद केला. पंख्यांचा आवाज थांबल्यावर घर पुन्हा पूर्वीसारखं रिकामं झालं.

काळूराम डब्यावर हात ठेवून बसून राहिला. कव्हर मांडीवर होतं. डबा पुरता निवेपर्यंत ते घालायचं नव्हतं, आणि तोवर दुसरं काही कामही नव्हतं.