दुसऱ्याच्या बापाचं गवत

"एक तर हो म्हण, नाहीतर नाही म्हण. पण तो फोन आधी भातावरून उचल."

दोंगुकने फोन उचलला, पुन्हा एकदा बघितला आणि पालथा करून ठेवला. समोर बार्लीचा भात आणि काकडीचं गार सार तसंच पडलं होतं. घरी येऊन दोन दिवस झाले, पण पोटभर जेवला म्हणाल तर शपथ. शहरातल्या हॉटेलच्या मालकीणबाईंना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

"आई, तूच सांग ना."

"मी काय सांगू? मी काय कॉलेजात गेलेय? मला गाजरं कळतात. गाजरांबद्दल विचार."

बोलले खरी, पण दोन दिवस तोच हिशोब मीही मनात मांडत होते. पोरगं जनावरांचा डॉक्टर व्हायला शिकतंय. वर्षभर रोज संध्याकाळी समुद्राकाठच्या त्या हॉटेलात डुकराचं मटण भाजायचं, टेबलं पुसायची, मध्यरात्री खोलीवर यायचं आणि सकाळच्या तासाला बाकावर डोकं टेकून घोरायचं. म्हणजे व्हायचं ते झालंच. कॉलेजाने दोनदा इशारा दिला होता. तिसऱ्यांदा मार्क घसरले की नाव कमी, मग बाकी सगळं मुसळ केरात. काम सोडावं तर खोलीचं भाडं आणि फी कोण भरणार? माझी गाजरं तेवढी गोड नाहीत.

त्यातच गो काकांचा, कामावर ये म्हणून निरोप आला. काका म्हणजे काही आमचे नातलग नव्हेत, आमच्या जेजू बेटावर वयाने मोठा दिसला की तो काकाच. पौर्णिमेच्या सणाआधी लोकांच्या पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापून द्यायचा ठेका ते घेतात. ज्यांची पोरं सोलला नाहीतर जपानात जाऊन बसलीत, ते पैसे पाठवतात. मग काकांची माणसं डोंगरावर जाऊन गवत कापतात आणि फोटो पाठवतात. यंदा सण लवकर आल्यामुळे ते काम नेमकं सुट्टीत पडलं होतं. सुट्टीभर मर मर मरायचं, पण पुढचं सहामाही सत्र कामाकडे बघायला नको, नुसता अभ्यास. मालकीणबाई मात्र सुट्टीत दुपारपासून ये म्हणत होत्या, कारण पर्यटकांची गर्दी. आत्ता गेलास तर तुझी जागा दुसऱ्याला, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

शेजारची ओकजा वांगी द्यायला म्हणून आली आणि चौकटीतच बसली. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण ओकजाला विचारावं लागत नाही.

"दोंगुकची आई, हातातलं सोडू नये बाई. थेंबे थेंबे तळे साचे."

"तळं साचेपर्यंत पोरगं बुडालं तर?"

"आणि डोंगरावर काय गालिचा अंथरलाय? गांधीलमाशा असतात तिथे. परवा पलीकडच्या गावात एकाला चावल्या, तोंड भोपळ्याएवढं झालं त्याचं."

"ओकजा, वांगी ठेव आणि जा बघू."

ती गेली, पण गांधीलमाशा माझ्या डोक्यात सोडून गेली. एकदा वाटे हॉटेलच बरं, डोक्यावर छप्पर तरी आहे. मग दोंगुककडे बघितलं. तेवीस वर्षांचं पोर, आणि डोळ्यांखाली त्याच्या बापाला शेवटच्या वर्षी होती तशी काळी वर्तुळं. मी भांडं आदळलं.

"सोड ते हॉटेल."

"नक्की?"

"नक्की. डुकरं भाजून कुणी जनावरांचा डॉक्टर झालाय का आजवर?"

तो हसला. मालकीणबाईंना निरोप लिहिला, तीनदा खोडून लिहिला. उत्तर लगेच आलं, 'ठीक आहे. एप्रन धुऊन परत आण.' वर्षभर राबवलं आणि एवढंच! मला राग आला, पण पोराचा चेहरा सैल झाला होता. त्याने ताट ओढलं आणि दोन वाडगे सार प्यायला. मग सहज बोलल्यासारखं म्हणाला,

"आई, एक गोष्ट आहे. सणाआधीचा शेवटचा रविवार काकांनी रिकामा दिलेला नाही. त्या दिवशी सगळ्यात जास्त मागणी असते."

मी वाडगा खाली ठेवला. असं कसं विसरले मी? त्या दिवशी सगळ्यांना माणसं का हवी असतात? कारण त्याच रविवारी अख्खं बेट आपापल्या पूर्वजांचं गवत कापतं. आमचंही. आमच्या बू घराण्यातले झाडून सारे पुरुष त्या दिवशी डोंगरावर जमतात. जो येत नाही त्याने दंड भरायचा. वरची जुनी थडगी सगळ्यांनी मिळून कापायची, पण ज्याच्या बापाचं थडगं त्याने, असा आमचा रिवाज. आमच्याकडे म्हणतात, सणाआधी गवत कापलं नाही तर पितर डोक्यावर झुडूप घेऊन जेवायला येतात. आणि दोंगुकच्या बाबांना जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा एकच.

"दुपारपर्यंत उरकतो आणि येतो," दोंगुक म्हणाला. "आपलंच तर आहे. तासाभराचं काम."

"बघ हं."

"येतो म्हटलं ना आई."

तो काकांच्या माणसांबरोबर मुक्कामाला गेला, आणि त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. गाजरांची विरळणी करायला बसायचे आणि कान फोनकडे. रात्री त्याचा फोन आला की पहिला प्रश्न, चावलं का काही? दुसरा, मशीनचं पातं नीट बसवलंयस का? तो वैतागायचा. "आई, मी गवत कापतोय, लढाईवर नाही गेलो." एकदा दिवसभर फोन लागला नाही तर मी ओकजाच्या नवऱ्याला गाडी काढायला लावली. तो बिचारा चावी शोधत होता तेवढ्यात याचा फोन, म्हणे बॅटरी संपली होती. ओकजा नंतर महिनाभर चिडवायची, दोंगुकच्या आईला फोनऐवजी दोरी द्या, पोराच्या कमरेला बांधायला.

गावात मात्र वेगळंच चाललं होतं. माझे मोठे भाऊजी, म्हणजे यांचे थोरले भाऊ, दुकानात भेटले. सगळ्यांसमोर म्हणाले,

"पोरगं दुसऱ्यांच्या बापाचं गवत कापतंय म्हणे?"

"कापतंय. फी भरायचीय."

"आणि स्वतःच्या बापाचं?"

"रविवारी येणार आहे दुपारी."

"आम्ही पहाटे चढतो. दुपारी लोक जेवायला उतरतात." त्यांनी काडेपेटी घेतली. "आजकालच्या पोरांना वाटतं, दंड भरला की बाप फिटला."

मला बोलायचं होतं खूप. यांच्या आजारपणात तुम्ही किती वेळा आलात, हे विचारायचं होतं. पण थोरल्या दिरापुढे तोंड उघडायची सवय नाही, गिळून घरी आले आणि कोंबड्यांवर ओरडले.

रविवार उजाडला. पहाटेच पुरुष मशीन पाठीला लावून वर गेले, डोंगरभर घुर्रर्र आवाज भरला. आम्ही बायका खाली मुळा भरून धिरड्यांच्या गुंडाळ्या करत होतो. आमच्याकडे बायका गवत कापायला जात नाहीत, डबे करतात. बाराला मी वळणावर जाऊन उभी राहिले. बस आली, दोन म्हाताऱ्या उतरल्या. पुढची बस आली, कुणीच उतरलं नाही. मनात नको नको ते येऊ लागलं. तेवढ्यात फोन वाजला.

"आई," आणि पुढे नुसता श्वास.

"चावलं का? कुठे चावलं? बोल!"

"नाही गं. मी... मी चुकीचं कापलं."

हुंदके देत त्याने सांगितलं. शेजारी शेजारी दोन थडगी, दोन्हींना सारखाच दगडी गडगा, दोन्ही छातीएवढ्या गवतात बुडालेली, शिळेवरची अक्षरं झिजलेली. काकांनी सांगितलं होतं पाइनच्या झाडापासून दुसरं. ते झाड कधीच पडलं होतं, नुसता बुंधा उरला होता, आणि याने भलत्याच उभ्या झाडापासून मोजलं. अर्धा दिवस घाम गाळून सफाचट केलं, फोटो पाठवला, आणि पैसे पाठवणाऱ्या माणसाने ओसाकाहून उलट कळवलं, हे माझे आजोबा नव्हेत! माझ्या आजोबांच्या थडग्यापुढे राखणीला दगडात कोरलेली बाळं उभी आहेत. काका चिडले. आता खरं थडगं आजच कापून द्यायचं, नाहीतर सगळीच मजुरी धरून ठेवणार.

"आई, मला नाही येता येणार." तो लहान मुलासारखा रडत होता. "मी सगळं सोडून येऊ का? खड्ड्यात गेली मजुरी. सांग, येऊ?"

पुन्हा मलाच विचारत होता. ये म्हणाले असते तर तो आला असता, मला माहीत होतं. गावात माझी मान वर राहिली असती. आणि चार दिवसांनी कॉलेज उघडल्यावर तो पुन्हा कुठल्या तरी हॉटेलात टेबलं पुसायला लागला असता.

"रडतोस काय वेड्या? ज्याचं कुणी कापत नव्हतं त्याचं तू फुकट कापलंस. तो वरून आशीर्वाद देत असेल. काम पुरं कर. इकडचं मी बघते."

"तू काय बघणार?"

"मी बघते म्हटलं ना."

फोन ठेवला. घरी गेले, गाजरांच्या शेतातला विळा घेतला, डोक्याला फडका बांधला आणि डबे करणाऱ्या बायकांच्या घोळक्यातून सरळ डोंगराची वाट धरली. कुणीतरी म्हणालं, "अगं, कुठे?" मी मागे बघितलंच नाही.

वर पोचले तर माणसं अजून उतरली नव्हती, गडग्याला टेकून सावलीत बसली होती. सगळी थडगी न्हाऊन आल्यासारखी स्वच्छ. मधोमध एकट्या यांच्या थडग्यावर कमरेइतकं गवत उभं, वर वेली चढलेल्या. कुणी हात लावला नव्हता. शेजारची चार बोटं जागासुद्धा रेघ मारल्यासारखी सोडली होती. मला वाटलं होतं तेवढं वाईट नव्हतं ते, त्याहून वाईट होतं.

मी कुणाशी बोलले नाही. वाकले आणि कापायला लागले. मागे कुजबुज झाली. भाऊजींचा आवाज आला, "बाईमाणसाचं काम नाही हे." मी म्हटलं, "मग पुरुषांनी करायचं होतं." आयुष्यात पहिल्यांदा उलटून बोलले, आणि वीज पडली नाही. विळा चालत राहिला. घाम डोळ्यांत जात होता. मनात यांच्याशी बोलत होते, रागावू नका पोरावर, तुमच्यासारखाच आहे तो, एकदा शब्द दिला की स्वतःचं डोकं फोडून घेतो.

उन्हं कलली तोवर सगळं कापून झालं. उशाकडचं, चटईएवढं, तेवढं मी ठेवलं. हात चालत नव्हते म्हणून नव्हे. पाणी प्यायला बसले तर भाऊजी मशीन पाठीला लावून आलेच.

"राहिलंय ते. सर बाजूला."

"ते दोंगुकचं आहे. तो सणाच्या आदल्या दिवशी येईल तेव्हा कापेल."

"लोक काय म्हणतील? अर्धवट सोडलं म्हणतील."

"म्हणू देत. त्याला कुणी हात लावायचा नाही भाऊजी. मीसुद्धा नाही लावला."

मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी मशीन बंद केलं, पट्टे सोडून खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं,

"पोरगं जेवलंय का?"

मी फडक्याला हात पुसले आणि फोन काढला. फोनवर एवढं बोलले, पण ते विचारायचं राहूनच गेलं होतं.