दोरीची आगगाडी

"घरमा माता बसेल शे, आनि हाई बाईले खेळ सुचतस."

दारात निंबाचा टहाळा खोचता खोचता म्हातारी ताईबाई पुटपुटली. म्हणाली ती निंबालाच, पण लेकीच्या कानावर पडेल असं म्हणाली. लेकीने, म्हणजे भिकुबाईने, मान वळवली नाही. तिने भाच्याच्या, मगनच्या, डोळ्यांवरच्या फडक्याला आणखी एक पीळ दिला.

"फुई, दुखस ना."

"दुखू दे. खालून देखस तू. माले माहीत नही का?"

मग तिने त्याच्या तळहातावर चिमूटभर काही ठेवलं. मगनने ते बोटांनी चोळलं, गालाला लावलं, नाकाशी नेलं.

"बाजरी."

"आनि हाई?"

"हाई... हाईले केस शेत. सरकी!"

पुतळी, त्याची धाकटी बहीण, टाळ्या पिटून हसली. ताईबाईने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

आत उखर्डू निजलेला होता. भिकुबाईच्या भावाचा, भाईदासचा, हा मधला मुलगा. त्याच्याआधीची दोन पोरं पाळण्यातच गेली, म्हणून याला जन्मतःच उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं आणि तेच नाव दिलं, म्हणजे मरणाने याच्याकडे ढुंकूनही पाहू नये. होळीनंतर त्याच्या अंगावर देवी आल्या. नावाने आपलं काम चोख केलं. मरण उंबऱ्यावरून परत गेलं. जाताना काय उचलून नेलं, ते घरात कोणी तोंडातून काढत नव्हतं. फोड सुकले होते, खपल्या पडत होत्या. पापण्याही केव्हाच उकलल्या होत्या. त्याची आई लताबाई मात्र येणाऱ्याजाणाऱ्या वाऱ्यालाही सांगे, "डोयामा चिकटा शे अजून. निंबना पानीनी आंघोय व्हई का निंघी जाई."

माता घरात आहे तोवर चुलीवर फोडणी पडायची नव्हती, केसांना फणी लागायची नव्हती, पोरांनी घराबाहेर पडायचं नव्हतं. हे सगळं भिकुबाईने बिनतक्रार पाळलं. पोरांनी हसू नये, हे मात्र मातेने कोणाच्या कानात सांगितलं ते तिला कळेना. सासरी नांदली नाही म्हणून माहेरी बसलेली बाई. गावाने तिला म्हणायचं ते सगळं म्हणून झालं होतं. त्यात आणखी एकाची भर पडली तर तिच्या लुगड्याला काही डाग लागणार नव्हता.

पापण्या उकलल्या त्या दिवशी, दिवेलागणीला, तिने उखर्डूच्या तोंडासमोर चिमणी धरली होती. उजवीकडे नेली. डावीकडे नेली. मग चिमणी कोनाड्यात ठेवली आणि गोठ्यात जाऊन विहिरीचा जुना नाडा शोधून आणला.

दुसऱ्या दिवसापासून घरात आगगाडी सुरू झाली. नाड्याचं एक टोक आतल्या खोलीत उखर्डूच्या बाजेच्या पायाला, दुसरं ओसरीच्या कोपऱ्यात पाण्याच्या माठाशेजारच्या खांबाला. मधे गाठी. बाजेचा पाय म्हणजे आपलं दोंडाईचा. मग पहिली गाठ शिंदखेडा, उंबऱ्याजवळ नरडाणा, पुढे अमळनेर, धरणगाव, आणि माठ म्हणजे जळगाव. डोळे बांधायचे, हात दोरीवर ठेवायचा, गाठ लागली की स्टेशनाचं नाव मोठ्याने घ्यायचं. जळगावला पोचेल त्याला गुळाचा खडा.

"स्टेशनं मोठ्यानं म्हना," ती पोरांना बजावी. "आतला पासिंजरले बी कळाले पाहिजे."

पोरं ओरडत. ताईबाई कपाळाला हात लावी.

शेवटी म्हातारीने भाईदासला पुढे केलं. तो बाजारातून आला होता. नाड्यापाशी उभा राहून त्याने घसा साफ केला.

"अक्का, हाई दोरी सोडी टाक. मायना पायमा येस."

"माय काठी टेकीसन चालस. तिले बी शिकाडसू दोरी धराले."

"लोके काय म्हंतीन?"

"लोके येतस कोठे घरमा? माता बसेल शे ना."

भाईदासला हसू आलं असावं, पण त्याने ते फेट्याच्या सोग्यात लपवलं आणि फेट्यातूनच एक कागदाची पुडी काढून कोनाड्यात ठेवली. भिकुबाईने ती उघडली. आत चांदीचे दोन डोळे होते, सोनाराने नुकते घडवलेले, बोराएवढे.

"बेस घडेल शेत," ती म्हणाली. "कोनासाठी?"

"मातेले वाहाना शेत."

"ते माले समजनं. कोनासाठी, इचारी राह्यनू."

भाईदासने नाडा ओलांडला. मग बैलांना पाणी दाखवायचं राहिलं म्हणून निघून गेला. दोरी मात्र त्याने सोडली नाही.

आंघोळीचा दिवस आला. लताबाईने निंबाच्या पाण्याने उखर्डूला न्हाऊ घातलं, डोळे पुन्हा पुन्हा धुतले, पदराने टिपले आणि त्याला आत बाजेवर बसवलं. दहीभाताचा नैवेद्य झाला. चांदीचे डोळे मातेच्या पाटावर ठेवले गेले, आणि तिथे बसलेल्या सगळ्यांनी आपापली नजर दुसरीकडे ठेवली.

"आते निंघी जाई चिकटा," लताबाई म्हणाली.

"जाई, जाई," ताईबाई म्हणाली.

ओसरीवर मगन डोळे बांधून घेत होता. तेवढ्यात दोरी आपोआप ताणली गेली. मगनने फडकं वर सरकवलं.

"शिंदखेडा," आतून आवाज आला.

लताबाई ताडकन उठली. भिकुबाईने तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

उखर्डू उंबऱ्यात दिसला. एका हाताने नाडा धरलेला, दुसरा पुढे पसरलेला. पायाने उंबरा चाचपून त्याने तो ओलांडला.

"नरडाणा. अमळनेर."

पुढे वाटेतच ताईबाईची काठी आडवी पडली होती. म्हातारीने ती हळूच ओढून मांडीवर घेतली, आणि पायही जवळ घेतले.

"धरणगाव." मग त्याचा हात माठाच्या गार पोटावर टेकला. "जळगाव."

मगन उसळून म्हणाला, "हाऊ रडीना डाव शे! याना डोया बांधेल नहीत."

पुतळी फडकं घेऊन धावली. आता या घरातलं कोणीतरी तिला थांबवेल, म्हणून सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. तिचा हात कपाळाशी येताच उखर्डूनेच तो धरला.

"मना डोया नको बांधू," तो म्हणाला. "माले दिखत नही. गूळ दे."