प्रश्नचिन्हांत अडकलेल्या ओव्या

मित्रांनो, कवठे महांकाळच्या वाचनालयात कोपऱ्यात घरघरणारा जुना संगणक दिसतो ना, तो मी. बोलायचंही जिवावर येतं आता. उमेदीची वर्षं इस्लामपूरच्या एका कचेरीत उसाची वजनं मांडण्यात गेली. तेव्हा कोण कौतुक! मग नवे संगणक आले आणि माझी रवानगी इकडं झाली.

इथं रेश्मा नावाची मुलगी यायची. मनुबाईंच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, जात्यावरच्या ओव्या तिनं माझ्यात टंकून ठेवल्या. किती गोड काम होतं ते!

यंदा खंडेनवमीला वाचनालयातल्या पृथ्वीराजनं कोयता घासावा तसं मलाही धुऊनपुसून काढलं. फायली बाजूला ठेवून मला चालवणारी लिनक्स नावाची नवी प्रणाली टाकली. मी पडद्यावर विचारलं, भाषा कोणती? अक्षरं कोणत्या पद्धतीची? पूजेची घाई होती. त्यानं न वाचताच ‘पुढं, पुढं’ दाबलं आणि मला हळदकुंकू लावलं.

तुळशीचं लग्न झालं आणि रेश्मा आली. पृथ्वीराजला म्हणाली,

"दादा, आज्जीच्या ओव्या काढून द्या. उद्या माझी हळद हाय."

पृथ्वीराजनं फाईल उघडली, तर नुसती प्रश्नचिन्हं.

"कुजली गं ही. पुसून टाकू?"

"नगा पुसू. अर्धांगाचा झटका आल्यापासनं आज्जीला एक बी ओवी आठवत न्हाई. हितंच काय त्या ऱ्हायल्यात."

माझा जीव कासावीस झाला. अक्षरं पोटात धडधाकट होती हो! मराठी वाचायचं एवढंच मला कुणी सांगितलं नव्हतं.

पृथ्वीराजनं पुसायच्या आधी माझं सेटिंग उघडलं; भाषेची जागा रिकामीच होती. "आरं, दसऱ्याच्या घाईत भाषाच न्हाई निवडली म्या." त्यानं तिथं मराठी निवडली, अक्षरांसाठी युनिकोडची पद्धत लावली आणि मला पुन्हा चालू केलं. फाईल उघडली. ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या.

रेश्मानं तिथूनच घरी फोन लावला आणि आजीला वाचून दाखवलं, "हळद दळीते, पिवळा झाला गं हात..."

पलीकडून आजीची पुढची ओळ अडखळत आली, "सासरी निघाली... माझी लाडाची नात."

रेश्मा टेबलावर डोकं टेकून रडली. पृथ्वीराज उगाच माझी धूळ पुसत राहिला.

मित्रांनो, मी थकलोय. फार दिवस काढीन असं वाटत नाही. पुढच्या खंडेनवमीला मला हळदकुंकू लावायचं राहिलं तरी चालेल. पण मी भाषा विचारली, की घटकाभर थांबा आणि उत्तर द्या.