दाढेचं बटण

माझा धंदा दातांचा. मी डॉक्टर नव्हे. डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवतात आणि मी त्यांवरून कवळ्या करते. दिवसभर माझ्या टेबलावर प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले असतात आणि एकही बोलत नाही, म्हणून आमचं छान जमतं. बोलणाऱ्या माणसांशी माझं फारसं पटत नाही. धाकट्या बहिणीशी तर मुळीच पटत नाही, आणि तिच्यावाचून करमतही नाही.

तिची चाळिशी उलटली तरी घरात ती छोटीच. छोटी केस कापते. तिचं स्वतःचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं, समोर भिंतभर आरसा. मागच्या हिवाळ्यात ओल्या जिन्यावरून तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळून आलं, पण बोटं पूर्वीसारखी मिटेनात. डॉक्टरांनी बजावलं की हात वापरा, जितका वापराल तितका परत येईल. छोटीनं तो खिशात घातला. घरात खिशात, रस्त्यात खिशात, पाहुणे आले तरी खिशात. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू ड्रॉवरमध्ये धूळ खात पडला. दुकानाला लागलेलं कुलूप निघालंच नाही, आणि आता ते दुकान ओळखीतल्या एका बाईला देऊन टाकायचं ती मनाशी पक्कं करत आली होती. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

समजावून झालं. ओरडून झालं. शेवटी मी तिचं कपाट उघडलं.

लहानपणी टीव्हीवर अंतराळयानाची एक मालिका लागायची. आम्ही दोघी एकाच खुर्चीत दाटीवाटीनं बसून ती बघायचो. सगळ्या मुलांना कॅप्टन आवडायचा, छोटीला यानाची मेकॅनिक. अंगात राखाडी डगला, कमरेला जाड पट्टा आणि पट्ट्याला चामड्याचं पाउच. एका हातानं शिडीला लटकायचं, दुसऱ्या हातानं पाउच उघडून पाना काढायचा, आणि काम झालं की पाउच टच्‌कन बंद. त्या आवाजावर छोटीचा जीव होता. पडायच्या आधी तिनं पाउच सोडून तो सगळा पोशाख स्वतः शिवला होता, कारण आमच्या शहरात अशा मालिकांच्या वेड्यांचा मेळावा भरतो आणि तिथे पोशाखांची स्पर्धा असते. डगला कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला होता. मी तो बाहेर काढला आणि म्हटलं की यंदा तू जाणार.

"पाउच कुठंय?" ती म्हणाली. "पाउच नसेल तर ती मेकॅनिक नाही, नुसती मळके कपडे घातलेली बाई."

तिला वाटलं सुटले. मी म्हटलं, पाउच मी करते. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

नमुना म्हणून तिनं डाव्या हातानं कागदावर एक चित्र काढून दिलं. पट्टा, त्यावर एका बाजूला पाउच, झाकणावर पांढरं गोल बटण. रेघा अशा वाकड्यातिकड्या की पाउच आहे की भोपळा तेही कळेना, पण बाजू तेवढी स्पष्ट होती. मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण विचारणं माझ्या स्वभावात नाही.

चामड्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बॅगा दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांनी एक जाड तुकडा दिला आणि सांगितलं की हे पाण्यात भिजवलं की मऊ पडतं, ज्या आकारावर बसवाल तो आकार धरतं. आकार तर मला येतोच की! मी प्लास्टरचा पाउचएवढा ठोकळा ओतला, कडा घासून गोल केल्या आणि ओलं चामडं त्यावर ताणून बसवलं. कोरडं प्लास्टर पाणी पिऊन टाकतं, हे मला जबड्यांनी शिकवलेलं. पण मला घाई. मी ते सगळं कामाच्या भट्टीत सरकवलं. बाहेर आलं ते चामडं नव्हतं, जळका पुठ्ठा होता. काकांकडे पुन्हा गेले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, हसू मात्र लपवलं नाही. दुसरा तुकडा मी आपोआप वाळू दिला आणि तो असा सुरेख निघाला की मी प्रयोगशाळेत एकटीच टाळ्या वाजवल्या.

शिवण दोन सुयांनी घातली. खरं भांडण झालं ते बटणाशी. कवळी खऱ्या दाताला धरून राहावी म्हणून आम्ही तारेची आकडी करतो, तशीच एक मी झाकणाला लावली, आणि ती अडकायला समोर पितळेचं बटण. आकडी एक तर घसरायची, नाहीतर अशी घट्ट बसायची की सोडवायला दोन्ही हात लागावेत. एका हाताचं पाउच आणि दोन हात! मी तार वाकवली, कापली, नवी केली, तिला शिव्या घातल्या. मग टेबलावरच्या जबड्यांकडे नजर गेली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर मी आकड्या कशावर बसवत आले? बटणावर की दातावर?

पितळ काढलं आणि तिथे कवळीतली एक पांढरीशुभ्र दाढ बसवली. आकडी तिच्या गळ्यात पडली ती टच्‌कन. खालून तळव्यानं नुसतं ढकललं की सुटली. लांबून बघणाऱ्याला ते मेकॅनिकचं पांढरं बटणच वाटलं असतं. जवळून बघणाऱ्याला दाढ दिसली असती, पण तिथवर कोण येतंय.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी पाउच घेऊन छोटीकडे गेले. डगला तिच्या अंगावर होता, उजवा हात अर्थात खिशात. मी पट्टा बांधला. ती आरशासमोर गेली, डावा हात डाव्या कमरेवर नेला, आणि तिथे काहीच नव्हतं. पाउच उजव्या कमरेवर होतं.

"चित्रात डावीकडे काढलं होतं ना मी?"

"डावीकडेच होतं. म्हणून तर उजवीकडे केलं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या धंद्यात माणूस कायम समोर तोंड करून असतो. कागदाची डावी बाजू म्हणजे त्याची उजवी, यात कुणी चुकत नाही. आणि छोटी जन्मभर माणसं बघते ती आरशात. आरशात डावं ते डावंच. तिनं आरसा काढला होता आणि मी जबडा वाचला होता.

पट्टा फिरवून पाहिला. पाउच कमरेला नीट बसावं म्हणून मी पट्टा ओवायचे मागचे फासे तिरके शिवले होते, त्यामुळे डाव्या बाजूला ते पालथं पडून आतलं सामान खाली सांडत होतं. नवं करायला चामडं नव्हतं आणि वेळही नव्हता. छोटी खुर्चीत बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली की जाऊ दे, ताई, नाहीतरी माझ्यानं झालंच नसतं. त्या शांतपणानं माझं डोकं फिरलं. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं.

"हात बाहेर काढ," मी म्हटलं. "बोटं नकोत मला. तळवा आहे ना? तळव्यानं ढकल."

ती चिडली. मला दुष्ट म्हणाली, लहानपणीची दोन-चार प्रकरणं उकरून काढली. मी ऐकून घेतलं आणि जागची हलले नाही. अखेर निव्वळ माझ्यावरच्या रागानं तिनं हात खिशातून ओढला आणि तळवा दाढेखाली हाणला. आकडी सुटली. झाकण उघडलं. तिनं ते तळव्यानंच दाबून बंद केलं.

टच.

तिनं पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, आणि तो उकळेपर्यंत बाहेरून टच, टच, टच ऐकू येत राहिलं. चहात साखर घातली की नाही तेही मला आठवेना. मला इतका आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी स्टेजवर ती आली तेव्हा डाव्या हातानं तिनं तिथे ठेवलेली शिडी धरली. खऱ्या मेकॅनिकच्या उलट, म्हणजे चाहत्यांच्या भाषेत घोर पाप. पुढच्या रांगेतल्या एकानं तसं म्हटलंही, मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं जीभ चावली. छोटीचा उजवा तळवा पाउचपाशी गेला, झाकण उघडलं. बोटं वाकली तेवढी वाकली, पाना त्यांच्यात कसाबसा अडकून वर आला, आणि सगळ्यांना दिसेल असा तिनं तो उंच धरला. मग तो आत टाकला. माइक जवळच होता. टच्‌कन आवाज सगळ्या हॉलभर झाला आणि लोक उभे राहिले. त्या मालिकेवर वाढलेली मोठमोठी माणसं शिट्ट्या मारत होती. मीही मारली असती, पण मी रडत होते.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. परीक्षक पाउच बघायला जवळ आल्या, बटणावर वाकल्या आणि विचारलं की ही दाढ आहे का. छोटी म्हणाली, अंतराळात बटणं मिळत नाहीत.

परतताना बक्षिसाची ढाल तिच्या डाव्या काखेत होती. घराकडे वळायचं तिथे ती सरळ चालत राहिली. मी काही बोलले नाही, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण खरंच बोलले नाही. ती दुकानापाशी थांबली. ढाल मी मागितली नाही आणि तिनं दिली नाही. उजव्या तळव्यानं तिनं दाढ ढकलली. आत पान्याशेजारी दुकानाची किल्ली होती. कधी ठेवली होती कोण जाणे. एक बोट किल्लीच्या कडीत गेलं, निसटलं, पुन्हा गेलं. किल्ली कुलपात शिरली आणि मनगटासकट सगळा हात वळवून तिनं ती फिरवली.

आत धूळ होती, दोन खुर्च्या होत्या आणि भिंतभर आरशात आम्ही दोघी. तिनं दिवा लावला. त्या बाईला उद्या नाही म्हणून कळवते, असं ती म्हणाली आणि मला पुढच्या खुर्चीत बसायला सांगितलं. माझ्या केसांचं पार झाडू झालंय म्हणे.

"खरं सांग, ताई," आरशात माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "मुद्दाम केलंस ना उलटं?"

मी शपथेवर सांगितलं की नाही, मी इतकी हुशार नाही. तिचा विश्वास बसला नाही. कात्री तिनं डाव्या हातात धरली होती आणि कंगवा उजव्या. कंगवा खाली पडला. तिनं तो वाकून उचलला आणि मला मान सरळ ठेवायला सांगितली.