कापड झटकल्यावर

"थांब! पिशवी तशी उपडी नको करू!" भिकननाना ओरडले खरे, पण तोवर त्यांच्या नातीने, शीतलने, पिशवी दातांनी फाडली होती आणि करड्या-काळ्या तुकड्यांनी चहूकडे धूम ठोकली होती. निम्मे तर थेट खाटेखाली.

"नाना, खेळणं आहे ते, सोनं नाही!" शीतल खाटेखालून बोलली. बाहेर फक्त तिचे पाय दिसत होते.

"तुकडा तो तुकडा. ऊठ, माले मनं कापड दे."

शीतलचं डोकं खाटेच्या पट्टीवर आपटलं. कापड? नाना कापड मागताहेत? दाराशी उभ्या असलेल्या मैत्रिणीला, विधीला, तिने डोळ्यांनीच खूण केली आणि स्वतः धावत जाऊन फळीवरची नानांची हत्यारांची पेटी काढली. पेटीला बांधलेली दोरी सोडताना तिने श्वाससुद्धा हळू घेतला. न जाणो, नानांचा विचार बदलायचा.

भिकननाना शिलाई मशीनचे मिस्तरी. पाचोऱ्यात आणि आजूबाजूच्या गावांत सायकलवर फिरून त्यांनी आयुष्यभर मशिनी दुरुस्त केल्या. त्यांची पद्धत ठरलेली. आधी पांढरं कापड अंथरायचं. जो भाग आधी निघेल तो डावीकडे, पुढचा त्याच्या शेजारी, अशी रांग लावायची. मग उलट्या क्रमाने सगळं परत बसवायचं. शेवटी कापडाची दोन टोकं धरून ते गिऱ्हाइकासमोर फाडकन झटकायचं. काही पडलं नाही की काम झालं. बायका मशीन चालवून बघायच्या आधी त्या झटकण्याचीच वाट बघायच्या.

आणि मग संक्रांतीच्या सुमाराला, एका शिवणक्लासात, खोलीभर पोरींच्या देखत नानांनी कापड झटकलं आणि टण्णकन एक स्क्रू फरशीवर पडला. कुणी हसलंसुद्धा नाही. एक पोरगी फक्त एवढंच म्हणाली, "आजोबा, तुमचं काहीतरी पडलं." नानांनी मशीन पुन्हा उघडली, स्क्रू बसवला, मशीन छान चालली. पण घरी येऊन त्यांनी पेटीला दोरी बांधली ती बांधलीच. हात गेला, म्हणाले. त्यानंतर त्यांचा मुक्काम खाटेवर, आणि उन्हाळा लागल्यावर कूलरसमोर.

आज पेटी सुटली ती या चिमुकल्या अंतराळयानामुळे. विधी शीतलच्या वर्गातली. तिचे पप्पा, श्रेयांसशेठ, यांचं स्टेशन रोडला खेळण्यांचं दुकान. जळगावच्या व्यापाऱ्याने नमुना म्हणून एकच डबा पाठवला होता, मिठाईच्या पाव किलोच्या खोक्याएवढा. ठोकळे जोडून यान बनवायचं. शेठ म्हणाले, "तुम्हीच बनवून बघा आणि संध्याकाळपर्यंत सांगा. चांगलं असेल तर सुट्टीसाठी मागवतो, नाहीतर परत." आता विधीची नखं मामाच्या लग्नासाठी वाढवलेली आणि शीतलचा धीर कसा, ते आपण पाहिलंच. म्हणून परीक्षक नेमले भिकननाना.

"तर मंडळी," विधीने मोबाइल समोर धरून आवाज लावला, "आज आपल्यासोबत आहेत पाचोऱ्याचे ज्येष्ठ अंतराळ-मिस्तरी..."

"ते बंद कर बरं आधी."

पुस्तिकेत एक अक्षर नव्हतं, नुसती चित्रं. नानांना ती भलतीच आवडली. "हाई बेस शे. बोलनं कमी, काम जास्ती." त्यांनी तुकडे रंगाने, मग आकाराने लावले. ठोकळ्यावर ठोकळा टच्चकन बसला की बोट पुढच्या चित्राकडे सरकायचं.

"पकड किती मार्क?" शीतलने विचारलं.

"पकड चांगली शे. खोलाले जोर लागस, पन नख तुटस नही."

"पंख?"

"वर-खाले व्हतस. आठ दे." मग त्यांनी चौकोनी डोक्याचा छोटा गडी उचलला. "हाऊ डबडा कोन?"

"रोबो. यान बिघडलं की दुरुस्त करतो."

नानांनी त्याला उलटासुलटा करून बघितलं. "आन् पाना कोठे शे याना? पेचकस कोठे शे? बिगर हत्यारना मिस्तरी! याना एक मार्क काप."

तेवढ्यात भिंतीपलीकडून कोकिळाअक्कांची हाक आली. अक्का गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्याकडे ब्लाउजांची रास. "नाना! आखाजी तोंडवर उनी. पोरी माहेरले येतीन, बठ्ठासना ब्लाउज पडेल शेतस. मनी मशीन टाका सोडस. एकडाव देखी तरी ल्या!"

नानांचा हात थबकला. "स्टेशनजोडे नवा मिस्तरी शे. त्याले बलाव."

"त्यानी देखी ना! आते ती टाका बी सोडस नही. गप बठेल शे!"

पोरी खिदळल्या. नाना हसले नाहीत. "मनाकडथून व्हनार नही, अक्का," एवढंच म्हणाले आणि पुस्तिकेचं पान उलटलं.

यान निम्मं झालं तशी गल्लीत कुल्फीवाल्याची घंटा वाजली आणि दोन्ही परीक्षक-सहायक पसार झाल्या.

नाना एकटेच उरले. शेवटचा काचेसारखा पारदर्शक दरवाजा बसवला. आत हिरव्या शिरस्त्राणाचा माणूस, मागे तो बिनपान्याचा रोबो. यान उचलून त्यांनी हवेत एक गिरकी दिली. कुणी बघत नव्हतं ना! मग सवयीने कापडाची दोन टोकं धरली आणि झटकलं.

टिक. टिक. टिक.

डाळीच्या दाण्याएवढे तीन तुकडे. एक करडा, एक काळा, एक हिरवा, काचेसारखा.

नानांनी तिन्ही तळहातावर घेतले. मग खाली बसले, यान पुरतं खोललं, पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक चित्रावर बोट ठेवून, ओठ हलवत. यान झालं. कापडावर तेच तीन तुकडे. तेच!

पोरी कुल्फ्या घेऊन परतल्या, तेव्हा नाना पेटीला बांधायची दोरी सरळ करत होते.

"काय झालं नाना?"

"आपलं काम सरनं. लेकरंसनं खेळनं, ते बी माले जमनं नही. दोनदाव करं, दोन्हीदाव तीन उरनात." नानांनी मान वर केली नाही. "शेठले सांग, दुसरं कोनले दाखव."

शीतलच्या हातावरून कुल्फीचा ओघळ कोपरापर्यंत गेला. विधीने मात्र तुकडे उचलले, बघितले आणि म्हणाली, "अहो नाना, हे तर एक्स्ट्रा आहेत!"

"काय?"

"जास्तीचे. सगळ्या डब्यांत असतात. अगदी बारके तुकडे हरवतात ना, म्हणून एकेक जास्तच टाकतात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." नानांच्या चेहऱ्यावरचा अविश्वास बघून तिने तुकडे कापडावर परत टाकले, सरळ पप्पांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. श्रेयांसशेठ दुकानाच्या गोंगाटातून ओरडले, "हो नाना, एक्स्ट्राच येतात ते! मुलांच्या हातून हरवायचेच की!"

फोन बंद झाला. नानांनी यान उचलून पुन्हा उलटंसुलटं करून बघितलं.

"म्हंजे हरवनार, हाई त्यासले पहिलेच माहीत शे?"

"हो."

"आन् रागे भरतस नही?"

"रागवायचं कशाला?" विधी हसली. "देऊनच ठेवतात ना आधी."

नानांनी आपली कुल्फी घेतली. ती काडीवर जेमतेम उरली होती. ती त्यांनी पुरती संपवली, काडी चाटली, मग म्हणाले, "दहामा नऊ मार्क. शेठले सांग, मांगाव. एक मार्क त्या पान्याना."

"हिरवा कुठे गेला?" शीतल डबा भरताना ओरडली. "आत्ता तर तीन होते! हरवलासुद्धा!"

"देख! कंपनीनं बराबर शे," नाना म्हणाले आणि हसले. संक्रांतीनंतर पहिल्यांदा, दात नसलेली बाजूसुद्धा दिसेल इतकं. मग कापड घडी करून त्यांनी पेटीत टाकलं, पेटी उचलली आणि दोरी खाटेवरच राहू दिली.

कोकिळाअक्कांच्या ओसरीवर मशीन उघडली, भाग रांगेत लागले. नानांच्या बोटांतून एक स्क्रू सुटला आणि घरंगळत गेला. शीतल झेपावली.

"ऱ्हाऊ दे," नाना मान वर न करता म्हणाले. "सापडी. नही सापडना तं पेटीमा दुसरा शे."

सापडला. बॉबिन बसते ते शटल साफ झालं, तेलाचे थेंब पडले, सगळं जागेवर बसलं. नानांनी कापडाची दोन टोकं धरली. अक्का पदर सावरून उभ्या राहिल्या. शीतलने विधीचा दंड इतका घट्ट धरला की विधी कळवळली.

फाड्‌!

टिक.

फरशीवर काहीतरी पडलं आणि उन्हात हिरवं चमकलं. घडीत अडकून आलेलं.

"नाना," अक्कांनी हळूच विचारलं, "हाई मनी मशीननं शे का?"

नानांनी वाकून ते उचललं, उजेडाकडे धरलं.

"नही, अक्का. हाई जास्तीनं शे."

मशीनचा खण उघडून त्यांनी तो हिरवा दाणा बॉबिनींमध्ये ठेवून दिला आणि अक्कांना बसायची खूण केली. अक्कांनी पायडल दाबलं. टाक्यामागे टाका पडत गेला, ब्लाउजची बाही सुईखालून सरकू लागली, आणि अर्धवट उघड्या खणात बॉबिनींबरोबर तो हिरवा तुकडाही थुईथुई नाचत राहिला.